न दुखणारी जागा

राय किनाऱ्यावर मला सगळे दातवाली म्हणतात.
दातांसाठी आले नाही, हे सांगून सांगून
माझंच तोंड दुखलं.
दात राहू द्या, म्हणते, भोवतालचं दाखवा,
ते ओलं, मऊ,
आरशालाही कुणी दाखवत नाही ते.

नारळाखाली प्लास्टिकची खुर्ची,
तिच्या एका पायाखाली चपटा दगड,
माझ्या कपाळाला बांधलेला दिवा.
आधी ओठ उलटायचे. मग गाल:
बोट आतून, अंगठा बाहेरून,
साबूच्या लगद्यात गुठळी शोधावी तसं.
मग जिभेचं टोक जाळीच्या कापडात धरून
हलकेच एका अंगाला ओढायचं,
कारण जे लपतं ते बहुधा कडेला लपतं.
शेवटी जिभेखालचं तळं.
तिथे घाई करायची नाही,
रांगेत कितीही पोरं रडोत.

लाल दिसलं म्हणून दचकायचं नाही इथे,
सगळा किनाराच लाल थुंकतो.
चूळ भरायला लावायची, दोनदा, तिसऱ्यांदा.
पाण्याने गेलं ते बुआइचं,
राहिलं ते माणसाचं.
पांढरं असेल तर पुसून बघायचं.
सायीसारखं निघालं तर बुरशी, थेंबांनी जाईल.
नाही निघालं तर वहीत नाव, तारीख,
तांदळाएवढं की नखाएवढं.
आणि मखमलीसारखा लाल डाग, ज्याला कारणच सापडत नाही,
त्याच्यापुढे पांढऱ्याची भीती कमी.

बुआइ विकणाऱ्या सोनगीने विचारलं,
हे शिकायला किती दिवस लागले?
तीन वर्षं, म्हटलं.
तिने टोपलीतली एक हिरवी सुपारी तळव्यावर तोलली.
ही आतून काळी, म्हणाली, आणि फोडली.
काळीच होती.
दुसरा दिवा मी तिच्या कपाळाला बांधला.

जेवणं झाल्यावर तीच कानाशी लागली:
तुझ्या यागासचा चुना
उजव्या गालातून डाव्यात कधी गेला गं?

यागास. चार वर्षं याच्या होडीतून येते मी.
तो मागे मोटारीपाशी, मी पुढे औषधांच्या पेटीवर,
त्याच्याकडे पाठ करून.
खुर्चीवर तो कधी बसला नव्हता.
मला कुठे काय दुखतंय, म्हणायचा.

बसवला.
तीन बोटं उभी आत जायला हवीत,
दोनच गेली.
उजव्या गालात, ओठांच्या कोपऱ्यालगत,
तीस वर्षं जिथे चुन्याची काडी टेकली नेमकं तिथे,
कडा उचललेली जखम,
बुडाशी टणक, बोटाखाली न सरकणारी.
कधीपासून?
याम लावले तेव्हापासून.
मनातल्या मनात महिने मोजले.
पंधरवडा पुरे होता खरं तर,
पंधरवड्यात न भरणारं काहीही
बघून घ्यावं कुणीतरी.
दुखतं?
छे, म्हणाला, अजिबात नाही,
आणि आनंदाची बातमी दिल्यासारखा
उरलेल्या दोन बोटांएवढं हसला.

परतीला मी पेटीवर उलटी बसले, त्याच्याकडे तोंड करून.
चिठ्ठी पिशवीत, पिशवी त्याच्याच शर्टात.
काय करतील मदांगला?
तुकडा काढतील, मसुराएवढा,
काचेखाली बघतील.
मग?
मग सांगतील.
खारं पाणी उडत होतं दोघांच्याही तोंडावर.

अर्ध्या वाटेत त्याचा हात
सवयीने चुन्याच्या भोपळ्याकडे गेला,
तिथेच राहिला जरा वेळ,
मग मोटारीच्या दांड्यावर परत आला.
मी बघितलंच नाही असं दाखवलं.
बंद तोंडात माझी जीभ
माझ्याच गालाची आतली बाजू चाचपत होती,
आधी डावी, मग उजवी,
पुन्हा डावी.